जकातदाराची मुलगी बूट घालते

"तुझं त्याच्यावर प्रेम नाहीये," दिग्दर्शिका त्या पोरीला म्हणाली, आणि मला माझं वाक्य आठवेना. वाक्य तरी काय, तर झोपेतून जागा झालेला बाप म्हणतो, "कोण आहे तिकडे?" शेंबडं पोरसुद्धा विसरणार नाही असं. मी तालमीच्या हॉलमध्ये कोपऱ्यातल्या बाकावर शाल पांघरून झोपेचं सोंग घेऊन पडलो होतो, डोळे किलकिले ठेवून. जमिनीवर चिकटपट्ट्या लावून घर आखलेलं, दोन खुर्च्यांवर एक काठी आडवी टाकलेली, तो जकातनाक्याचा दांडा. दांड्याच्या पलीकडे आमचा हिरो उभा, अलीकडे पोरगी. "मग मी जाते कशाला त्याच्याबरोबर?" पोरीने विचारलं. "कारण तो चाललाय," दिग्दर्शिका म्हणाली. "तुला पलीकडे जायचंय. तो नसता तर तू एखाद्या गाढवाच्या मागे गेली असतीस." "आभारी आहे," हिरो पलीकडून म्हणाला आणि सगळे हसले. "तुला नाही रे बोलत. तू आपला घाबरून उभा राहा, छान जमतं तुला. तू गं, खाली बस. पायरीवर. बूट घाल." "बूट?" "बाहेर बर्फ आहे ना? पळून जाणाऱ्या माणसाला आधी बूट नीट बांधावे लागतात. नाड्या बांध, खालीच बघ, आणि म्हण, 'थांब, मी येते.' खाली मैत्रीण उभी असली की आपण वरून ओरडतो ना, तसं. तो तुझा दरवाजा आहे. दरवाजाकडे कोणी प्रेमाने बघतं का?" पोरगी बसली. तिने डावा पाय पुढे घेतला, नाडी ओढली, मान खाली घालून सावकाश गाठ मारली, आणि खाली बघतच म्हणाली, "थांब, मी येते." "काका, तुमचं वाक्य," प्रॉम्प्टर कुजबुजला. मग जोरात, "काका!" दिग्दर्शिकेने घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाली, "काका खरंच झोपले वाटतं. चला, आज इथेच थांबू."

मी झोपलो नव्हतो. मी आयुष्यात पहिल्यांदा जागा झालो होतो असं लिहायचा मोह होतोय, पण असली वाक्यं मी नाटकांत पुष्कळ बोललोय आणि ती सगळी खोटी असतात. झालं होतं ते इतकंच, की त्या पोरीची ती खाली घातलेली मान मी आधी पाहिली होती. नाटकात नव्हे. खरोखर. भर दुपारी, हिच्या माहेरच्या जिन्याच्या शेवटच्या पायरीवर.

नाटक जुनं आहे, जगभर करतात. डोंगरातल्या खिंडीत एक जकातनाका, तिथे जकातदार आणि त्याची मुलगी. येणाऱ्याजाणाऱ्याला बाप दांडा वर करून देतो, मुलीने मात्र ना या बाजूचं गाव पाहिलेलं ना त्या बाजूचं. एक तरुण नकाशे काढत काढत येतो, बर्फामुळे अडकतो, राहतो, आणि तिसऱ्या अंकाच्या शेवटी पहाटे दोघं दांड्याखालून वाकून निघून जातात. चौथ्या अंकात बर्फ वितळतं आणि लोक दोघांना उचलून आणतात. झालं. एवढ्यावर पिढ्यान्‌पिढ्या रडल्यात. मी या नाटकात तिसऱ्यांदा आहे. दोनदा तो नकाशेवाला झालो, आता बाप. बढती म्हणा.

पहिल्यांदा बसवलं ते मास्तरांनी. मी तेव्हा दुकानांच्या पाट्या रंगवायचो, शाळा अर्ध्यावर टाकलेली, आणि मास्तरांनी मला उचललं ते माझी उंची बघून, हे त्यांनी लपवलं नाही. मुलीच्या कामाला ही आली. ही म्हणजे आज माझी बायको. हिचे वडील गोदामाचे मुख्य होते, घरसुद्धा गोदामासारखं चालवायचे. कोण कधी बाहेर गेलं, कधी आत आलं, सगळ्याची दारात नोंद. ते मास्तरांचे बालमित्र, म्हणून पोरीला नाटकात पाठवायला कबूल झाले, पण एका अटीवर. हात लावायचा नाही. कोणत्याच अंकात, कोणत्याच प्रसंगात, चुकूनसुद्धा नाही. आणि अट पाळली जाते की नाही ते बघायला रोज तालमीला मागच्या भिंतीशी खुर्ची टाकून बसायचे. मास्तर बिचारे काय करणार? म्हणाले, "हात बांधलेत तुमचे, आता जे काय करायचं ते डोळ्यांनी करा." मग त्यांनी तिसऱ्या अंकाचा शेवट असा बसवला की मी दांड्यापलीकडे, ही उंबऱ्यात, मध्ये सगळा रंगमंच मोकळा. ही थांबते. माझ्याकडे बघते. डोळे भरून येतात पण सांडत नाहीत. प्रेक्षकांना श्वास घ्यायची भीती वाटेल इतका वेळ. आणि मग, ओठ हललेले कळणार नाहीत असं, "थांब, मी येते." पेपरात छापून आलं, केवढा हा संयम, स्पर्शाविना शृंगार, वगैरे. एकालाही कळलं नाही की तो संयम मागच्या भिंतीशी खुर्चीवर बसला होता. आणि रडणारे कोण? बाप. हमसून रडायचे बाप लोक, रुमाल ओले करायचे, आणि घरी गेल्यावर पोरगी खिडकीत उभी दिसली तर तिच्या पाठीत धपाटा घालायचे. रंगमंचावरच्या पोरीने पळावं, घरातलीने पळू नये. अशा प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या की मला अजून ओकारी येते, आणि त्या टाळ्यांवर मी जगलो हेही खरंच.

तर त्या नाटकाचे प्रयोग चालू असतानाच आम्ही पळालो. सुट्टीचा दिवस, दुपार, त्यांच्या घरी सगळे जेवून आडवे झालेले. मी फाटकापाशी, हातात पिशवी. आणि इतकी वर्षं मला जे आठवतं, जे मी चार लोकांत, मुलाखतींत, लग्नांच्या पंगतींत रंगवून सांगत आलोय, ते असं: ही दारात आली, उंबऱ्यावर थांबली, माझ्याकडे भरल्या डोळ्यांनी पाहिलं, आणि ओठ न हलवता म्हणाली, थांब, मी येते. लोक म्हणायचे, वा, अगदी नाटकासारखं! आणि मी म्हणायचो, नाटक आमच्यासारखं! ही शेजारी बसून हसायची. कधी नाही म्हणाली नाही.

हॉलवरून बाहेर पडलो तर पाय घराकडे वळेनात. पाटीवरचा जुना रंग नीट न खरवडता वर नवा रंग मारला की काही वर्षांनी उन्हाने तो पोपडे धरतो आणि आतली अक्षरं दिसायला लागतात. मिठाईवाल्याच्या पाटीखालून न्हाव्याचं नाव. मी पूर्वी अशा पाट्या बघितल्या की थांबून आतलं नाव वाचायचो, आता चालता चालता माझंच वाचत होतो. उंबरा नव्हताच तिथे. जिना होता, बाहेरच्या बाजूने उतरणारा, आणि शेवटच्या पायरीवर ही बसली होती, पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटांत पाय घालत. कुठेतरी नळ गळत होता. माझ्या पिशवीचा बंद तळव्याला कापत होता आणि मी "चल, चल ना" करत होतो, आणि ही मान खाली घालून एक नाडी बांधत होती, मग दुसरी, मग पहिली परत सोडून बांधत होती. वर बघितलं नाही. म्हणाली, "थांब ना जरा." बस्स, एवढंच. भरले डोळे मास्तरांचे होते. मी मास्तरांनी बसवलेला प्रवेश उचलून माझ्या लग्नावर चिकटवला होता आणि इतकी वर्षं तोच बघत संसार केला होता. असली चूक नटच करू जाणे. बाकीच्यांना आठवायला फक्त आयुष्य असतं.

आता मास्तरांचे डोळे काढून घेतले तर उरतं काय? एक मुलगी, जिच्या घराला दारात नोंद लागते, ती कुणाकडे न बघता बूट बांधते. आणि पलीकडे उंच, घाबरलेला एक माणूस. दरवाजा. दिग्दर्शिका अजून तिशीची नाही, चहा पिताना नखं खाते, पण ती जे म्हणाली ते मला खोडून काढता येईना. मी सिग्नलला उभा राहिलो, हिरवा झाला, लोक गेले, मी उभाच.

मला मधला दिग्दर्शक आठवला, ज्याला आम्ही चष्मा म्हणायचो. त्याच्या वेळी मी दुसऱ्यांदा नकाशेवाला झालो, टकलावर काजळ फासून, आणि मुलीच्या कामाला दुसरी कोणी. हिने तोवर नाटक सोडलं होतं. मला रोज त्याच वेळेला रडायचा कंटाळा आला, म्हणाली होती. चष्म्याचं म्हणणं, प्रेम हे कारण नाही, लक्षण आहे. त्याने खराखुरा लोखंडी दांडा आणवला आणि आम्हा दोघांना प्रेक्षकांकडे पाठ करून उभं केलं. "तुमची तोंडं महत्त्वाची नाहीत," म्हणाला. मी म्हटलं, "मग घरी ठेवून येऊ का?" तर वहीत लिहून घेतलं त्याने, विनोद कळला नाही. त्याच्या नाटकात बाप पुढे, दिव्यात, गाढ झोपलेला, आणि त्याच्या मागे अंधारात कोणीतरी दोघं कशाला तरी मरतात. विद्वान मंडळी भारावली. मला तेव्हा त्याचा राग यायचा, कारण तो प्रेम खोटं म्हणत होता आणि माझ्या घरी ते खरं होतं, पुराव्यासकट. निदान पुरावा आहे असं मी धरून चाललो होतो.

पाय आपोआप तलावाकडे आले. ही पोहायला शिकवते, काचेचं छप्पर असलेल्या बंदिस्त तलावात. नाटक सोडल्यावर शिकली आणि मग इतरांना शिकवायला लागली. आमच्या घरातल्या उशांना, टॉवेलांना, हिच्या केसांना त्या पाण्याचा औषधी वास आहे, मला तो नसला की झोप लागत नाही. आत गेलो तर संध्याकाळची वेळ संपत आलेली, पाण्यात ही आणि एक निवृत्त न्यायाधीश. न्यायाधीश पाठीवर, डोळे छताकडे, अंग लाकडासारखं, आणि हिचा एक हात त्यांच्या पाठीखाली. "साहेब, पाण्याला शिक्षा सुनावताय का? अंग सोडा." "तुम्ही सोडू नका हां!" "धरलंय हो." मला बघून ही म्हणाली, "अरे, तू इथे? तालीम?" मी काठावर उकिडवा बसलो. थोडं थांबून, घरी जाऊन, जेवण झाल्यावर विचारता आलं असतं. पण मला कधी दम धरता आला नाही.

"आपण पळालो तेव्हा," मी म्हटलं, "तुझं माझ्यावर प्रेम होतं का तुला बाहेर पडायचं होतं?"

ही माझ्याकडे बघत राहिली. न्यायाधीशांनी श्वास रोखला, ते थोडे वर आले, तरंगले. "बघा, जमलं," ही त्यांना म्हणाली. मग मला, "हे आज कुठून आलं?" मी सांगितलं. दिग्दर्शिका, बूट, दरवाजा. सांगताना माझा आवाज चढला, काचेच्या छपराखाली घुमला. हिने ऐकून घेतलं आणि खुदकन हसली. "हुशार आहे की तुमची दिग्दर्शिका."

"म्हणजे?"

"म्हणजे होतास तू दरवाजा. त्यात काय? मला बाहेर पडायचंच होतं. त्या घरात मी आणखी सहा महिने राहिले असते तर भिंतीला डोकं आपटलं असतं."

"बरं," मी म्हटलं.

"तोंड पाडू नकोस. बाहेर पडल्यावर दरवाजा कोणी काखेत मारून आयुष्यभर हिंडतं का? मी हिंडतेय ना?"

"मुद्दा ग्राह्य आहे," न्यायाधीश पाण्यातून म्हणाले आणि बुडाले. हिने त्यांना उपसून काढलं, खोकू दिलं, आणि आजच्यापुरतं पुरे म्हणून सोडून दिलं.

आम्ही चालत निघालो. रस्त्यावर अजून उजेड होता, दुकानदार बाहेर खुर्च्या टाकून बसलेले, एका घरातून कुणीतरी एकच सूर पुन्हापुन्हा पेटीवर शोधत होतं. मी हलका झालो होतो का? थोडासा. काखेत मारलेला का होईना, पण बरोबर आहे. पण कुठेतरी ती मान खालीच होती. म्हटलं, "मग नाडी परत का सोडलीस? पहिली बांधलेली सोडून परत बांधलीस. मला आज आठवलं."

ही थांबली नाही, चाल मात्र सावकाश झाली. "तुला आठवतं ते?"

"आजच आठवलं. इतकी वर्षं तू माझ्याकडे बघत होतीस."

"माहितीये. तू सांगायचास ते ऐकायला छान वाटायचं, म्हणून मी गप्प बसायचे." मग ओल्या कपड्यांची पिशवी दुसऱ्या हातात घेत म्हणाली, "बाबा जागे होते. माझ्या मागे, जिन्याच्या वरच्या पायरीवर उभे होते. मधल्या झाडामुळे तुला फाटकापासून दिसत नव्हतं. मी वाट बघत होते त्यांनी हाक मारायची."

पेटीवाल्याला सूर सापडला आणि लगेच सुटला.

"आणि मारली असती तर?"

"तर त्या दिवशी थांबले असते. माझी खात्री आहे. दुसऱ्या दिवशी आले असते." मग माझ्याकडे बघून, "तू थांबला असतास ना?"

थांबलो असतो, हे वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं, पाठ असल्यासारखं, पोझसकट. गिळलं. "माहीत नाही," म्हटलं. "मला तेव्हा त्या पाट्यांतून सुटायचं होतं. वाटायचं, तू बरोबर असलीस की मी कोणीतरी होईन."

ती मोठ्यांदा हसली. खुर्चीवरचा दुकानदार बघायला लागला. "मग दरवाजा कोण कुणाचा रे?" तिने मला कोपराने ढोसलं आणि मला बरं वाटलं, इतकं बरं की त्याची लाज वाटली. तिन्ही दिग्दर्शकांनी आपापल्या परीने त्या दोन पोरांना काहीतरी केलं होतं. एकाने देव, एकाने लक्षण, एकीने पळपुटे. पण जिन्याच्या वरच्या पायरीवर कोणी बघितलं नव्हतं. सगळ्यांच्या नाटकात बाप झोपलेलाच. माझ्याही.

"उद्या मी ते 'कोण आहे तिकडे?' म्हणणार नाही," मी म्हटलं. "बाप जागा असेल. पडल्या पडल्या सगळं बघेल आणि हाक मारणार नाही."

"ती दिग्दर्शिका ऐकेल तुझं?"

"नाही ऐकलं तर भांडेन."

"ते तुला येतंच." ती काही पावलं गेली आणि म्हणाली, "पण नुसतं गप्प पडून राहिलास तर लोकांना वाटेल झोपलाय. बाबा गप्प नव्हते. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता." रस्त्याच्या कडेला एका बंद दुकानाची पायरी होती. ही तिथे जाऊन बसली, माझ्याकडे पाठ करून. "कर बघू."

"इथे?"

"मग कुठे? राहा उभा मागे."

मी मागे उभा राहिलो आणि श्वास घेतला, छाती भरून, सोडताना किंचित थरथरवून. मला चांगलं येतं ते.

"छे! हे नाटकातलं. त्यात दुःख घालू नकोस. बाबांना दमा होता."

मी दमा लावला.

"हा दवाखान्यातला झाला. अरे, ते लपवत होते. मला ऐकू जाऊ नये म्हणून दाबत होते, आणि दबत नव्हता." पाव घेऊन चाललेला एक माणूस आमच्याकडे बघत बघत विजेच्या खांबाला धडकला. मी तोंड मिटलं. श्वास घ्यायचाच नाही असं ठरवून उभा राहिलो, तिच्या मानेकडे बघत. ओल्या केसांचं पाणी कॉलरमध्ये झिरपत होतं, मान आता पूर्वीसारखी बारीक नाही, तिच्यावर दोन आडव्या रेघा आहेत. मला वाटलं आत्ता ही उठून जाईल. खरंच जाईल, रस्त्याच्या टोकापर्यंत, आणि मी इथे उभा. काहीतरी ओरडावंसं वाटलं. ओरडलो नाही. नाकातून हवा आपली आपण निघाली, बारीक शीळ घालत.

तिची पाठ हलली नाही.

"हां," ती म्हणाली.

मग घसा साफ करून, नेहमीच्या आवाजात, "असंच कर उद्या. आणि पोरगी निघून गेली की लगेच हलू नकोस. बाबा हलले नव्हते."

"तुला काय माहीत? तू तर गेली होतीस."

"कोपऱ्यावरून वळून बघितलं होतं मी. अजून तिथेच उभे होते." ती गुडघ्यांवर हात टेकून उठली. "तू नाही बघितलंस. तू पुढे बघत चालला होतास, पिशवी छातीशी धरून."

"मला कसं कळणार," म्हटलं, "तू सांगितलं नाहीस."

"कशाला सांगायचं? कोणीतरी पुढे बघायला हवंच होतं ना," ती म्हणाली, आणि ओल्या कपड्यांची पिशवी माझ्या हातात देऊन चालायला लागली.